चार स्क्रूंचं मोठेपण

टेलिकास्टर ही विजेवरची गिटार पालथी घातली की नेक (मानेसारखी लांब दांडी) जिथं बॉडीत बसते तिथं एक चौकोनी पोलादी पट्टी दिसते. पट्टीच्या चार कोपऱ्यांत चार स्क्रू. लाकडात बसणारे, साधारण पावणेदोन इंच लांबीचे, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात खपून जातील असे. तारा सैल करून हे चार काढले की गिटारचे दोन तुकडे हातात येतात, आणि परत आवळले की पाच मिनिटांत गिटार पुन्हा गिटार होते. सरस नको, शिकंजा नको, रात्रभर वाळत ठेवणं नको. १९५० साली ही गिटार अमेरिकेतल्या वाद्यव्यापाऱ्यांसमोर आली तेव्हा तिला वल्हं म्हणून झालं, बर्फ उपसायचं फावडं म्हणूनही झालं. हसणाऱ्यांचा तर्क सरळ होता. वाद्य म्हणजे पोकळ पेटी, वळवलेल्या फळ्या, कारागिराच्या हातानं जुळवलेले सांधे. ही तर फळीला ठोकलेली दुसरी फळी!

ही गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडर यांचं कौतुक होतं तेव्हा ते बहुधा उसनं असतं. जिमी हेंड्रिक्सच्या हातात त्यांचीच स्ट्रॅटोकास्टर गिटार होती, म्हणून ती बनवणारा थोर. वाजवणाऱ्याची थोरवी बनवणाऱ्याच्या खात्यावर जमा करायची काही गरज नाही. फेंडर यांचं स्वतःचं खातं भरलेलं आहे, आणि त्याची पहिली नोंद हे चार स्क्रू आहेत. वस्तू झिजणार, बिघडणार आणि कुणातरी अनोळखी माणसाच्या टेबलावर उघडली जाणार, हे आधीच धरून त्यांनी ती रचली. दुरुस्तीच्या हक्काची चर्चा सध्या मोबाइल, ट्रॅक्टर आणि वॉशिंग मशीनभोवती फिरते आहे. पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या या लाकडी वाद्याची साक्ष तिथं काढायला हवी, कारण कायद्यानं जे मिळवायची धडपड चालली आहे ते इथं कुणी न सांगता मिळालं होतं.

आधी एक गैरसमज दूर करू. विजेवरची गिटार फेंडर यांनी शोधली नाही. रिकेनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ १९३०च्या दशकाच्या सुरुवातीलाच बाजारात होती आणि तिच्या पिकअपचं (तारेचं कंपन विजेत बदलणाऱ्या चुंबक-कॉइलचं) श्रेय जॉर्ज बोशाम्प यांचं. लेस पॉल यांनी १९४०च्या सुमारास लाकडाच्या ओंडक्यावर तारा ताणून भरीव गिटारचा प्रयोग केला होता. पॉल बिग्सबी यांनी १९४८ साली मर्ल ट्रॅव्हिससाठी जी भरीव गिटार बनवली, तिच्या सहाही खुंट्या एकाच बाजूला होत्या. विजेवरच्या बेसचाही (खर्जातल्या सुरांच्या गिटारचाही) एक प्रयत्न सिएटलच्या पॉल टुटमार्क यांनी १९३०च्या दशकात करून पाहिला होता. म्हणजे ‘पहिला कोण’ या शर्यतीत फेंडर कुठंच नाहीत. पण या शर्यतीचं आपल्याला फार वेड आहे, आणि त्यामुळे खरा प्रश्न बाजूला पडतो: कल्पना सुचली ती कुणाला, यापेक्षा ती हजारो लोकांच्या हातात टिकेल, परवडेल आणि दुरुस्त होईल अशी कुणी केली?

हे करणारा माणूस पेशानं वाद्यकार नव्हता. क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी दक्षिण कॅलिफोर्नियात संत्र्यांच्या बागा असलेल्या कुटुंबात झाला. लहानपणी एक डोळा गेला, काचेचा बसवला. शिक्षण हिशेबनिसाचं. मंदीच्या काळात नोकरी गेल्यावर त्यांनी १९३८ साली, ६०० डॉलर कर्जाऊ घेऊन, फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. गावातले वादक तिथं बंद पडलेले ॲम्प (आवाज वाढवणाऱ्या पेट्या) आणि लाउडस्पीकर घेऊन येऊ लागले. गिटार त्यांना शेवटपर्यंत धड वाजवता आली नाही. नमुना तपासायचा तर तो वादकाच्या हातात देऊन स्वतः ऐकत बसायचं, अशी पद्धत.

हे न्यून नव्हतं, उलट तीच त्यांची शिदोरी होती. वादक वाद्याकडे आवाजाच्या बाजूनं बघतो, दुरुस्तीवाला बिघाडाच्या बाजूनं. रोज चार रेडिओ उघडणाऱ्याला कळतं, की बहुतेक बिघाड किरकोळ असतात: तुटलेलं झाळकाम, करकरणारा पॉट (नॉबखालचा फिरता भाग), फुगलेला कपॅसिटर. तिथं हात पोचवण्यात मात्र तासभर जातो. म्हणून टेलिकास्टरमध्ये वॉल्यूम, टोन आणि स्विच असे तिन्ही एका लांबट पत्र्यावर बसवले. त्या पत्र्याचे दोन स्क्रू काढले की वायरिंग समोर. १९५४च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये तर तिन्ही पिकअप, तिन्ही नॉब आणि स्विच एकाच प्लास्टिकच्या पिकगार्डवर. सुरुवातीला त्याला आठ स्क्रू होते, १९५९पासून अकरा. तेवढे काढले की अख्खं विजेचं काम ताटासारखं उचलून पालथं घालता येतं. जॅककडे जाणाऱ्या वायरी आणि अर्थिंगची वायर सोडली तर ते बॉडीपासून पूर्ण सुटंही होतं. याउलट पोकळ बॉडीच्या गिटारचा एक पॉट बदलायचा तर ‘एफ’ आकाराच्या फटीतून दोरा सोडून सगळं ओढून बाहेर काढावं लागतं आणि मासेमारी केल्यासारखं परत आत सोडावं लागतं. ज्यानं हे एकदा केलंय तो फेंडरच्या पिकगार्डला नावं ठेवणार नाही.

नेककडे जरा बारकाईनं बघू. मूळची नेक अखंड मेपलची, वर बोटांसाठी वेगळी पट्टी (फिंगरबोर्ड) नाही, फ्रेट (धातूचे पडदे) थेट तिच्यातच ठोकलेल्या. अगदी सुरुवातीच्या नेकमध्ये पोलादी ट्रस रॉड (तारांच्या ताणानं नेक वाकू नये म्हणून आत घालायची सळई) नव्हता. मेपल कडक लाकूड आहे, वाकणार नाही, अशी फेंडर यांची खात्री. विक्री सांभाळणारे डॉन रँडल यांनी रॉडचा आग्रह धरला, आणि नेक वाकतात असं दिसल्यावर फेंडर यांनी तो मान्य केला. मग रॉड घालायला नेकच्या पाठीत खाच पाडली आणि ती अक्रोडाच्या गडद पट्टीनं बुजवली. जुन्या मेपल नेकच्या पाठीवर दिसणारी ती काळसर रेघ सजावट नाही. चूक सुधारल्याची ती खूण आहे.

खुंट्या असतात ते डोकंही तसंच. गिब्सन या दुसऱ्या कंपनीच्या लेस पॉल गिटारचं डोकं नेकपासून सुमारे १७ अंशांत मागं झुकलेलं असतं. त्या वळणावर महोगनीचे तंतू आडवे कापले जातात, आणि नेमका तिथंच ट्रस रॉडच्या नटासाठी खड्डा कोरलेला असतो. स्टँडवरून गिटार पडली की तडा तिथंच जातो. फेंडर यांनी डोकं सपाट ठेवलं. एक इंचाच्या फळीतून अख्खी नेक कापून निघते, लाकूड वाया जात नाही, आणि तंतू डोक्यापर्यंत सलग जातात. याची किंमतही आहे. सपाट डोक्यामुळे वरच्या बारीक तारा नेकच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीवर (तिलाही नटच म्हणतात) पुरेशा दाबल्या जात नाहीत, म्हणून त्यांच्यावर एक छोटी पकड बसवावी लागते. ट्रेमोलो (तारांचा ताण हलवणारा दांडा) वापरणाऱ्याची तार त्या पकडीत आणि नटच्या खाचेत अडकते आणि सुरातून उतरते. उपाय घरातलाच: तार काढून खाचेत पेन्सिलीचं शिसं घासायचं. तारा बदलताना दर वेळी.

सपाट फळीतून नेक कापायची कल्पना पैसे वाचवायला आली हे उघड आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. १९५१ सालच्या टेलिकास्टरची किंमत १८९.५० डॉलर होती. ती त्या काळी लहान रक्कम नव्हती, पण नाचगाण्याच्या जागी आठवड्याला चार रात्री वाजवणाऱ्याला पेलणारी होती. नेक झिजली तर नवी मागवून चार स्क्रूंनी बसवायची, हाच हिशेब होता.

चार स्क्रूंनी सूर लांबत नाही, चिकटवलेल्या नेकचा सांधाच खरा, असं आजही ठासून सांगणारे आहेत. या सांध्यात काय बिघडू शकतं ते नीट बघितलं तर या ठाम मतातली हवा बरीच कमी होते. स्क्रू बॉडीतून मोकळा सरकला पाहिजे आणि फक्त नेकमध्ये धरला पाहिजे. बॉडीचं भोकही घट्ट असेल तर स्क्रूचे आटे दोन्ही लाकडांत धरतात, नेक मध्येच अडकते आणि खाली बारीक फट राहते. मग कितीही आवळा, सांधा बसत नाही. सूर पिचका येतो आणि दोष ‘बोल्ट-ऑन’ला, म्हणजे स्क्रूंच्या सांध्याला, दिला जातो. नेक बॉडीतल्या ज्या खाचेत बसते तिच्या बाजूंची फट व्हिजिटिंग कार्ड सहज शिरेल इतकी असेल तर ती जास्तच. खाचेच्या तळाशी रंगाचे ढेकूळ असतील तर खरवडून काढायचे. सॅडल (ब्रिजवर, म्हणजे बॉडीकडच्या टोकाला, तारा टेकतात ते छोटे आधार) अगदी खाली नेऊनही तारा उंच राहत असतील तर नेकचा कोन चुकला आहे. अशा वेळी खाचेच्या ब्रिजकडच्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जाडीची पाचर घालतात. ती कागदाच्या घडीची नको, पूर्ण खाचभर बसणारी लाकडी निमुळती पट्टी हवी, नाहीतर मधल्या पोकळीवर नेक वर्षानुवर्षं दाबली जाऊन बुडाशी उंचवटा येतो.

हाच सांधा पुढं बदनाम झाला तो वेगळ्या कारणानं. जानेवारी १९६५मध्ये फेंडर यांनी कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली; तब्येत साथ देत नव्हती. १९७१ सालापासून स्ट्रॅटोकास्टरला चारऐवजी तीन स्क्रू आले आणि नेकचा कोन बाहेरून बदलण्यासाठी आत एक छोटा स्क्रू दिला गेला. त्या दशकातल्या अनेक गिटारींची नेक कडेला ढकलली की सरकते. दोष तीन स्क्रूंना दिला गेला. पण फेंडर यांनी स्वतः नंतर म्युझिक मॅन आणि जी अँड एल या आपल्या पुढच्या कंपन्यांच्या वाद्यांत तीनच स्क्रू वापरले, आणि तिथं नेक घट्ट बसतात. सांधा तोच, खाच कोरणारा हात ढिला पडला होता. संख्या वाढवण्याच्या दडपणाखाली माप सुटलं की चांगली रचनाही टीकेची धनी होते. १९८५ साली बिल शुल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपनी सीबीएसकडून सव्वा कोटी डॉलरना परत घेतली. म्हणजे वीस वर्षं वापरून विकताना सीबीएसला खरेदीइतकेही पैसे मिळाले नाहीत.

बेसबद्दल मात्र ‘सुधारणा’ हा शब्द अपुरा आहे. १९५१पर्यंत वाद्यवृंदातला बेसवादक माणसापेक्षा उंच डबल बेस घेऊन हिंडायचा, गाडीच्या टपावर बांधायचा, आणि ब्रासच्या (पितळी फुंकवाद्यांच्या) मागं कुणाला ऐकूही यायचा नाही. त्या वाद्याला पडदे नसतात, सूर कानानं शोधायचा. फेंडर यांनी चार तारांना ३४ इंचांची लांबी दिली, २० फ्रेट ठोकल्या आणि नाव ठेवलं प्रिसिजन: बोट फ्रेटच्या मागं पडलं की सूर नेमका. पुढच्याच वर्षी जोडीला बासमन ॲम्प आणला, कारण नुसत्या गिटारच्या ॲम्पमधून हा आवाज काढला तर स्पीकरचा कागद फाटायचा. लायोनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदात मंक माँटगोमेरी हे वाद्य घेऊन उभे राहिले तेव्हा जाझच्या जाणकारांनी नाकं मुरडली. आज जगातल्या जवळपास प्रत्येक बँडच्या तळाशी याच वाद्याची वंशावळ आहे, आणि मुंबईच्या स्टुडिओंमध्ये साठच्या दशकापासून जी बेस वाजू लागली तीही याच कुळातली.

१९५७ साली बेसचा पिकअप बदलला तो बदल एखाद्या चांगल्या इंजिनिअरच्या वहीत शोभावा असा आहे. एका कॉइलचे दोन तुकडे केले, दोन तारांना एक आणि दोन तारांना दुसरा. दोन्ही उलट गुंडाळलेले, चुंबकही उलटे. घरातल्या विजेची घरघर दोन्ही तुकड्यांत विरुद्ध दिशेनं येते आणि एकमेकींना खोडते. तारेचा आवाज मात्र टिकतो. शिवाय प्रत्येक तारेखाली एकाऐवजी दोन चुंबक, तारेच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे तार छेडल्याक्षणी येणारा धक्का बोथट होतो आणि स्पीकर वाचतो. एका फटक्यात दोन तक्रारी मिटल्या. त्याच बेसवर एक गंमतही आहे. फेंडर यांनी गृहीत धरलं होतं की वादक तार अंगठ्यानं छेडेल, म्हणून बोटांना धरायला खालच्या बाजूला एक लाकडी ठोकळा बसवला. बहुतेक वादकांनी अंगठा टेकवून दोन बोटांनी वाजवणं पसंत केलं आणि ठोकळा चुकीच्या बाजूला ठरला. तो स्क्रूनं बसवलेला होता, त्यामुळे काढून टाकायला कुणाची परवानगी लागली नाही.

चुका आणखीही आहेत, आणि त्या लपवून केलेली स्तुती कामाची नाही. टेलिकास्टरच्या ब्रिजवर सहा तारांना तीनच सॅडल; दोन तारांची लांबी एकत्र ठरते, म्हणून एक सुरात आणली की दुसरी किंचित चुकते. स्ट्रॅटोकास्टरच्या पहिल्या ट्रेमोलोत तारा रोलरवरून वेगळ्या शेपटीकडे जायच्या, सूर मरायचा. जुळणी जवळपास झालेली असताना फेंडर यांनी तो मोडीत काढला आणि तारा थेट पोलादी ठोकळ्यात अडकवल्या. त्या ठोकळ्याच्या वजनानं सूर परत आला. (या यंत्राला त्यांनी ट्रेमोलो म्हटलं, पण ते सुराची उंची हलवतं, म्हणजे तो व्हायब्रेटो. उलट त्यांच्या ॲम्पवर ‘व्हायब्रेटो’ लिहिलेला नॉब फक्त आवाज कमी-जास्त करतो. दोन्ही नावं उलटी पडली आणि सत्तर वर्षं तशीच चालली आहेत.) आणि सगळ्यात न पटणारी गोष्ट म्हणजे दुरुस्तीचा इतका विचार करणाऱ्या माणसानं ट्रस रॉडचा नट नेकच्या बुडाशी, बॉडीच्या आत दडवला. तो पाव फेरा फिरवायचा तर नेक सुटी करावी लागते.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हा नट किती वेळा आठवतो ते ज्याच्याकडे अशी गिटार आहे त्यालाच माहीत. लाकूड दमट हवा पितं, नेक हलते. तपासायची रीत सोपी आहे. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड, तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथं बॉडीला भिडते त्या सतराव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात पाव मिलिमीटरच्या आसपास फट हवी. जास्त असेल तर नट घड्याळाच्या दिशेनं, कमी असेल तर उलट, पण एका वेळी पाव फेरा. मग सतराव्या फ्रेटपाशी तारेची उंची १.६ मिलिमीटरच्या आसपास ठेवायची. जुन्या पद्धतीच्या जास्त गोलाई असलेल्या फिंगरबोर्डवर जाड तारांकडे २ मिलिमीटर, नाहीतर तार ओढून सूर चढवताना वरच्या फ्रेटला लागून मरते. शेवटी बारावी फ्रेट. तिथला हलका स्पर्शसूर (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला) आणि दाबलेला सूर जुळत नसेल, दाबलेला चढा असेल तर सॅडल मागं, उतरलेला असेल तर पुढं. हा क्रम मोडला, आधी सॅडल आणि मग नेक केली, तर सगळं काम पुन्हा. आणि पिकअप तारांच्या फार जवळ आणू नका. चुंबक जाड तारांना ओढतात, सूर थरथरतो, आणि माणूस बिचारा दिवसभर ट्यूनर घेऊन बसतो. शेवटची फ्रेट दाबली असता जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर, बारीक तारेखाली दोन, एवढी जागा सोडायची.

हे सगळं एक स्क्रू-ड्रायव्हर, एक-दोन ॲलन की, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्या) आणि पोलादी पट्टी यांत होतं. अधिकृत सेवाकेंद्र नाही, पासवर्ड नाही, ‘मूळ सुटा भाग नाही’ असा पडद्यावरचा इशारा नाही.

आता कायद्याकडे येऊ. फ्रान्सनं १ जानेवारी २०२१पासून दुरुस्तीक्षमतेचा निर्देशांक आणला. सुरुवातीला फोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन, गवत कापायचं यंत्र यांच्यावर दहापैकी गुण छापायचे होते. निकष पाच: माहितीपत्रकं मिळतात का, उघडणं किती सोपं, सुटे भाग मिळतात का, त्यांची किंमत मूळ वस्तूच्या मानानं किती, आणि त्या वस्तूपुरता खास असा एक. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२मध्ये समिती नेमली, त्या वर्षअखेरीला पोर्टल सुरू झालं, आणि शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं ही चार क्षेत्रं ठरली. निर्देशांकाची चौकट आखायला २०२४मध्ये आणखी एक समिती झाली. उद्योगांकडून याला येणारं ठरलेलं उत्तर असं, की वस्तू उघडण्याजोगी ठेवली तर ती जाड, महाग आणि जुनाट होते, नवं काही करायला वाव राहत नाही.

टेलिकास्टर हे या उत्तराला दिलेलं प्रत्युत्तर आहे. ती स्वस्त होती, कारण उघडता येत होती. वेगळे भाग वेगळ्या टेबलांवर बनत आणि शेवटी जुळत. ती नवी होती, इतकी की लोक हसले. आणि ती जुनाट झाली नाही. १९५१च्या गिटारला आजचा पिकअप बसतो आणि आजच्या गिटारला तेव्हाची नेक. सुट्या भागांबाबत एक निकाल इथं महत्त्वाचा आहे. २००९ साली अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळानं स्ट्रॅटोकास्टर, टेलिकास्टर आणि प्रिसिजन बेस यांच्या बॉडीचे आकार इतके सर्वसामान्य झाले आहेत की त्यांच्यावर एकाच कंपनीला हक्क सांगता येणार नाही, असं ठरवलं. कंपनीच्या दृष्टीनं हा पराभव. वापरणाऱ्याच्या दृष्टीनं मात्र ही आधीच घडून गेलेल्या गोष्टीची कबुली: नेकची खाच, पिकगार्डची भोकं, पिकअपची लांबी ही मापं केव्हाच जगाची झाली होती आणि कितीतरी कारखाने एकमेकांना न विचारता एकमेकांत बसणारे भाग बनवत होते. मूळ कंपनी त्यानं बुडाली नाही.

ॲम्पच्या बाबतीत हेच आणखी ठळक दिसतं. फेंडरच्या व्हॉल्व्ह ॲम्पच्या आत कुठला व्हॉल्व्ह कुठं त्याचा तक्ता चिकटवलेला असे. आतलं काम जाड फायबरच्या पट्टीवर, एकेक भाग डोळ्यांना दिसेल असं झाळलेलं. १९५९च्या बासमनचं सर्किट समोर ठेवूनच लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानातल्या मंडळींनी १९६२ साली आपला पहिला ॲम्प बनवला. म्हणजे उघडता येणाऱ्या वस्तूतून प्रतिस्पर्धी जन्मला, आणि त्याच्यामुळे रॉक संगीताला दुसरा आवाज मिळाला. याला नुकसान म्हणायचं असेल तर म्हणा. खरे दोष वेगळे आहेत. ती फायबरची पट्टी दमट हवेत ओल धरते आणि खरखर करते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पंधरा-वीस वर्षांत वाळतात, ते बदलावेच लागतात. आणि एक दोष जिवावरचा आहे. जुन्या ॲम्पला दोनच तारांची केबल असे, आणि मेन्सपासून चासीपर्यंत (ॲम्पच्या धातूच्या सांगाड्यापर्यंत) एक कपॅसिटर. तो आतून शॉर्ट झाला की चासी जिवंत होते, चासीतून गिटारची तार जिवंत होते, आणि वादकानं ओठ माइकला लावले की बसला झटका. आपल्याकडे २३० व्होल्टवर हा प्रकार अमेरिकेपेक्षा जास्त भयंकर. असा ॲम्प हाती आला तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर तर हवाच, पण त्याआधी तो कपॅसिटर काढून तीन तारांची केबल आणि खरं अर्थिंग करून घ्यायचं. हे कामही जाणकार माणूस तासाभरात करतो, कारण आत सगळं दिसतं. आजच्या डिजिटल ॲम्पचा बोर्ड गेला तर बोर्डच बदलायचा, आणि तो मिळत असेपर्यंतच ॲम्प जिवंत.

कारखान्यानं कारागिरी मारली, हा आक्षेप मराठी माणसाच्या तोंडी येणं स्वाभाविक आहे. आपल्याकडे मिरज आहे. मिरजेचा तंबोरा भोपळ्याच्या आकारानुसार घडतो, त्याची जवारी काढायला कारागिराचाच कान लागतो, आणि २०२४ साली त्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं ते योग्यच झालं. त्या वाद्याला चार स्क्रू लावा असं कुणी म्हणत नाही. पण फुलर्टनमध्येही हात होतेच. टाडिओ गोमेझ नेक घडवत आणि तिच्या बुडाशी पेन्सिलीनं आपली आद्याक्षरं टाकत. ॲबिगेल इबारा यांनी १९५६पासून कित्येक दशकं पिकअप गुंडाळले. केसाहून बारीक तांब्याची तार, स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपला आठ हजारांच्या आसपास वेढे, आणि तार बोटांत किती ताणायची याचा अंदाज. ही नावं आपल्याला ठाऊक आहेत ती नेक सुटी करता येते आणि पिकअप पालथा घालता येतो म्हणून. चिकटवून बंद केलेल्या वस्तूच्या आत कुणी सही केली असेल तर ती कुणाला दिसणार?

फेंडर यांनी १९७६ साली म्युझिक मॅनमधून स्टिंगरे बेस आणली तेव्हा आवाज वाढवणारं सर्किट आणि ९ व्होल्टची बॅटरी थेट वाद्याच्या पोटात घातली. मग जॉर्ज फुलर्टन यांच्यासोबत जी अँड एल काढली. पार्किन्सननं हात कापत असतानाही ते तिथल्या टेबलावर बसत. २१ मार्च १९९१ रोजी गेले, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत.

राहिला या रचनेतला सगळ्यात कच्चा दुवा: ते चार स्क्रू स्वतः. पुनःपुन्हा काढघाल केली, कुणी यंत्रानं आवळले, की नेकमधलं भोक सैल होतं आणि स्क्रू नुसता फिरत राहतो. मग ६ मिलिमीटरच्या ड्रिलनं भोक साफ करायचं. नेकचं बूड साधारण २५ मिलिमीटर जाड असतं, म्हणून १८ मिलिमीटरवर ड्रिलला टेपची खूण करायची, नाहीतर टोक फिंगरबोर्डमधून वर येईल. मेपलची गोल काडी, मेपल न मिळाल्यास दुसरं कुठलंही कडक लाकूड, लाकडाचा सरस लावून ठोकून बसवायची, रात्रभर ठेवायची आणि सकाळी वरचा भाग सपाट तासायचा. नेक खाचेत बसवून बॉडीच्या भोकातून मध्य टोचून घ्यायचा, मग नेक काढून ३.२ मिलिमीटरचं भोक. स्क्रूच्या आट्यांना कोरडा साबण चोळायचा आणि हातानं आवळायचं, चारही थोडे थोडे, आळीपाळीनं, तिरप्या जोडीनं.